बाटलीचे पैसे देतो, सल्ल्याचे का नाही?



पाडवा झाला, सालगड्यांची सालं ठरली. आमच्या गावात यंदा चांगल्या गड्याचं साल सव्वा लाखाच्या पुढं गेलं, वरून धान्य आणि कपडे. एवढं कबूल करूनही गडी मिळाला तर नशीब. त्याच आठवड्यात वरच्या गल्लीतल्या एका बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेल्या पोराला औषध कंपनीत फील्डवरची नोकरी लागली. पगार महिना १२ हजार, पेट्रोलचे पैसे टार्गेट झालं तर. म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. शिक्षणाला बापाचे किती गेले ते मी विचारलं नाही.

गड्याला चांगले पैसे मिळतात याचं मला बरंच वाटतं. पहाटे पाचला गोठ्यात असतो तो, त्याच्या घामाचे आहेत. पण शेतीचं शिकलेल्या पोराचं काम शेतीच्या गावात विकलं जात नाही, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. आज त्यावरच लिहितो. पिकाच्या नोंदी पुढच्या पोस्टला.

आधी बाहेरचं चित्र बघू. २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या, अर्ज आले १० लाखांच्या वर. एका जागेला सव्वादोनशेच्या आसपास. २०२४ ला पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज आले. शिपायाच्या रांगेत इंजिनिअर आणि एम.ए. झालेली पोरं पहाटे चारला पावसात उभी होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात पोरांनी आंदोलन केलं. एक मागणी होती परीक्षेची तारीख बदला, आणि दुसरी होती कृषी खात्याच्या २५८ जागा त्या परीक्षेत धरा. २५८ जागा! आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं, त्यांच्या हाताखाली सरकारी-खाजगी मिळून शंभराच्या वर कॉलेजं. दरसाल हजारो पोरं-पोरी बाहेर पडतात आणि बहुतेकांची नजर त्या दोन-अडीचशे जागांवर.

पुतण्यानं मला मोबाईलवर एक अहवाल वाचून दाखवला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची एक संस्था यांनी मिळून २०२४ ला काढलेला, भारतातल्या रोजगारावरचा. त्यात २०२२ चा आकडा आहे: तरुण पदवीधरांत १०० मागे २९ बेकार, आणि ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात १०० मागे साडेतीनसुद्धा नाहीत. ऐकून माणूस म्हणेल, मग शिकवायचं कशाला? पण थोडं थांबून बघा. अडाणी माणसाला बेकार राहणं परवडतच नाही. तो दुसऱ्या दिवशी खुरपं नाहीतर घमेलं हातात घेतो, मिळेल त्या मजुरीवर जातो, म्हणून तो आकड्यात बेकार दिसत नाही. पदवीधर वाट बघत बसू शकतो, कारण त्याच्या वाट बघण्याचा खर्च मागं कुणीतरी भरत असतं. तो कुणीतरी म्हणजे आपण. तो खर्च किती, ते घरच्या आकड्यांवरून सांगतो.

धाकट्या भावाचा मुलगा २०१९ ला बी.एस्सी. अ‍ॅग्री झाला, चांगल्या मार्कांनी. २०२० ला एमपीएससी करायला पुण्याला गेला. कोरोनात परीक्षा पुढं गेल्या तेव्हा घरी होता. पुण्यात प्रत्यक्ष राहिलेले महिने मोजले तर ४०. कॉट, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स सगळं धरून महिना ११ हजार. म्हणजे ४ लाख ४० हजार. क्लासची फी वेगळी. आता सोयाबीन लावा त्याला. एकरी आठ क्विंटल उतार धरू. २०२४ च्या खरिपाचा हमीभाव ४,८९२, पण बाजारात आमचं गेलं ४,१०० ला. झाले ३२,८००. खर्च २१ ते २२ हजार. राहिले अकरा. म्हणजे पुण्याचा एक महिना बरोबर एक एकर सोयाबीन. आमचं दोघा भावांचं मिळून १४ एकर, त्यात आठ एकर सोयाबीन. चाळीस महिने म्हणजे पाच वर्षांच्या सोयाबीनची सगळी शिल्लक.

पोरगं उनाड नव्हतं. दोनदा पूर्व परीक्षा निघाली, एकदा मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिलं. सव्वीस वर्षं उलटली तशी सोयरीकवाले विचारायला लागले, "परीक्षेचं काय झालं?" उत्तर द्यायला नको म्हणून माझा भाऊ लग्नाकार्याला जायचा बंद झाला. हे सगळ्या गावांत चाललंय, त्यामुळे यात आमची काही वेगळी बदनामी नाही. आणि पोरींचं तर याहून कठीण. पोराला चार-पाच वर्षं मिळतात, पोरीला दोन. माझ्या मेहुण्याची मुलगी त्याच कॉलेजची, पुतण्यापेक्षा हुशार. ती एका शेतकरी उत्पादक कंपनीत बियाण्याची प्रतवारी सांभाळते, महिना १३ हजार. घरचे म्हणतात, "या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी उरकून टाकू." नोकरी नाही, लग्न.

मग कृषी पदवीधर जातो कुठं? मला तीन वाटा दिसतात. पहिली पुण्याची, ती सांगितली. दुसरी कंपनीची. तिथं त्याचं काम आपल्याला बाटली विकायचं. तो कितीही चांगला असला तरी महिनाअखेरीला त्याला विचारतात, माल किती खपवला? किती शेतकऱ्यांची फवारणी वाचवली, हे कुणी विचारत नाही. तिसरी वाट भिंतीवरची. कीटकनाशकं विकायच्या परवान्याला कृषी किंवा तशाच विज्ञान शाखेची पदवी लागते, असा नियम केंद्रानं केला. जुन्या दुकानदारांसाठी अभ्यासक्रम ठेवला. नियम चांगला आहे, हेतूही चांगला. पण आमच्या भागात मी असं दुकान बघितलंय, जिथं भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि गल्ल्यावर दुसराच. प्रमाणपत्रवाला अभ्यासिकेत बसलेला, त्याला वर्षाला काही हजार भाडं. डिग्री दुकानात, डोकं पुण्यात, आणि शेताच्या वाट्याला दोन्ही नाही.

सरकारी योजना नाहीत असंही नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार मिळतात. आधी सहा महिन्यांची होती, नंतर मुदत वाढवली. मुदत संपली की पोरगं पुन्हा घरी. दुसरी, केंद्राची अ‍ॅग्री-क्लिनिक योजना २००२ पासून आहे. ४५ दिवस प्रशिक्षण, २० लाखांपर्यंत कर्ज, ३६ टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के अनुदान. क्लिनिक म्हणजे दवाखाना. कल्पना अशी की पोरानं पिकाचा दवाखाना टाकावा. पण दवाखान्यात येऊन तपासणीची फी द्यायला कुणी तयार नसेल तर तो काय करणार? कर्जाचा हप्ता भरायला औषधं विकणार. म्हणजे पुन्हा बाटलीच.

इथंच खरी गाठ आहे मंडळी. आपल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात सल्ला फुकट असतो, अशी समजूत आहे. तो फुकट नसतो, बाटलीच्या किमतीत धरलेला असतो. पानं पिवळी पडली म्हणून दुकानात फांदी घेऊन गेलो की काउंटरवर चार वस्तू येतात. एक अळीचं, एक बुरशीचं, एक टॉनिक, एक स्टिकर. मी दुकानदाराला दोष देत नाही. तो सुगीपर्यंत उधार देतो, अडीनडीला तोच उभा राहतो. पण "काका, काही मारू नका, आठ दिवस थांबा" हे तो कसं म्हणेल? त्यात त्याची कमाई काय? आणि चार औषधं एकत्र करून मारण्याची किंमत आपण २०१७ ला यवतमाळात बघितली. फवारणीच्या विषबाधेनं त्या एका हंगामात वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. त्यामागं कारणं बरीच होती, पण काय मिसळावं आणि काय नाही हे बांधावर सांगणारं माणूस जवळ नव्हतं, हे त्यातलं एक.

नाशिक-सांगलीकडं बघा. द्राक्षबागेत सल्लागार एकरी फी घेतो आणि बागायतदार देतो. कारण बागेचा खर्च एकरी लाखांत असतो. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश सापडला तर सगळा माल परत. तिथं चुकीचा फवारा किती महाग पडतो हे सगळ्यांना दिसतं. आपला एकरी खर्च वीस-बावीस हजार, त्यामुळे आपली फी लहानच असणार. पण लहान म्हणजे शून्य नव्हे.

मागच्या उन्हाळ्यात पुतण्या परत आला. त्याला "आता शेती कर" असं मी म्हणलं नाही. १४ एकरात दोन घरं आधीच आहेत, तिसऱ्याला काय देणार? मी म्हणलं, तू जे शिकलास ते वीक. तो म्हणाला, "काका, मी काय डॉक्टर आहे का फी घ्यायला?" मी म्हणलं, गाय आजारी पडली की जनावरांच्या खाजगी डॉक्टरला आपण तीनशे रुपये देतोच की. घासाघीस तरी करतो का?

आमच्या गटाची बैठक मारुतीच्या पारावर घेतली. एकरी ३०० रुपये, पूर्ण खरिपाचे. निम्मे पेरणीला, निम्मे दिवाळीत माल विकल्यावर. एकजण म्हणाला, मोबाईलवर सगळं फुकट मिळतं. दुसरा म्हणाला, दुकानदार सांगतो की. तिसऱ्यानं विचारलं, आणि पाऊस पडला नाही तर पैसे परत देणार का? शेवटी २३ जण तयार झाले, ११८ एकर. माझ्या १४ एकराचे पैसे मी पहिले दिले. घरचा असला म्हणून फुकट नको, नाहीतर सगळेच घरचे होतात.

त्यानं काय केलं ते लिहितो, म्हणजे फी कशाची हे कळेल. पेरणीआधी प्रत्येकाच्या घरच्या सोयाबीनची उगवण तपासली. ओल्या गोणपाटावर १०० दाणे, गुंडाळी करून सावलीत, आठवड्यात मोजणी. सत्तरच्या वर उगवलं त्यांना एकरी ३० किलो सांगितलं, कमी उगवलं त्यांना बियाणं वाढवायला लावलं, आणि दोघांचं बियाणं तर विकून टाकायला लावलं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत कुणाला पेरू दिलं नाही. पहिल्या सरीला सगळे तिफण काढून बसले होते, त्यांना थांबवणं हेच मोठं काम होतं. कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावले. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ पतंग आले तरच बोंडअळीची फवारणी, नाहीतर हिरवी बोंडं तोडून, फोडून बघायची. वीस बोंडांत दोन किडकी निघाली तर मारायचं, नाहीतर नाही. दर आठवड्याला प्रत्येकाच्या शेतात एक फेरी. वहीत नोंद, तारीख टाकून, शेतकऱ्याची सही घेऊन.

माझ्या चार एकर कपाशीत आदल्या वर्षी पाच फवारण्या झाल्या होत्या, मागच्या हंगामात तीन. एका फवारणीला औषध-मजुरी धरून एकरी हजार-बाराशे लागतात. म्हणजे आठ-नऊ हजार वाचले. फी दिली १४ एकराची ४,२००. पण गंमत बघा, हे पैसे वाचलेले दिसत नाहीत. गाय उठून उभी राहिली की डॉक्टरचे पैसे वसूल झालेले दिसतात. न मारलेली फवारणी कुणाला दिसते? ती शेतातही नसते आणि उधारीच्या वहीतही नसते. कृषी पदवीधराचं खरं काम असं न दिसणारं आहे, आणि म्हणूनच ते आजवर कुणी विकत घेतलं नाही.

सगळं गोड झालं असंही नाही. एकाच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. पुतण्यानं रोगट झाडं उपटायला सांगितली, तोवर तो बराच पसरला होता. तो शेतकरी आजही नाराज आहे. त्यात सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्या परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, नदीकाठच्यांचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. त्यांच्याकडं दिवाळीत निम्मी फी मागायला जायचं कसं? पुतण्या गेला नाही आणि मी पाठवलंही नाही. ३५,४०० व्हायला पाहिजे होते, हातात आले २८,५००. त्यातून पेट्रोलचे साडेसहा हजार गेले. राहिले २२ हजार, पाच महिन्यांचे. सालगड्याच्या निम्मेसुद्धा नाहीत.

मध्ये एका दुकानातून त्याला निरोप आला, आमच्या नावानं चिठ्ठी लिहा, दहा टक्के तुमचे. पोरगं दोन दिवस गप्प होतं. २२ हजारावर जगणाऱ्याला तो मोह होणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "काका, घेतलं तर माझ्यात आणि काउंटरमध्ये फरक काय राहिला?" नाही घेतलं त्यानं. पण असं किती दिवस तो नाही म्हणेल, हे त्याच्यापेक्षा आपल्यावर जास्त अवलंबून आहे.

म्हणून हिशोब मांडतो. खरिपाचे एकरी ३००, रब्बीत हरभरा-गव्हाचे १५०, म्हणजे वर्षाचे ४५०. साडेतीनशे एकर जमले तर १ लाख ५७ हजार. पेट्रोल आणि बारीकसारीक खर्च जाऊन १ लाख ३५-४० हजार राहतात. साधारण ८० शेतकरी, आठवड्यात सहा दिवस, दिवसाला तेरा-चौदा शेतं. एक माणूस करू शकतो. कंपनीवाल्या पोराएवढं पडतं, पण टार्गेट नाही, आणि रात्री घरी जेवायला. फार मोठी कमाई नाही, मला माहीत आहे. पण गावात एक काम उभं राहतं, जे आधी नव्हतं. साडेतीनशे एकरला एक पोरगं किंवा पोरगी, असं एका तालुक्यात किती जणांना काम मिळेल ते तुम्हीच मोजा. सरकारी जाहिरातीची वाट बघावी लागत नाही.

या खरिपाला आजपर्यंत १९० एकर नोंदले गेलेत, तीन गावांतून. मेहुण्याची मुलगी बियाण्याच्या उगवण तपासणीचं काम घ्यायला तयार आहे, नमुन्यामागं ३० रुपये. बचत गटाच्या बायका तिच्याकडं बियाणं घेऊन यायलाही लागल्यात. पुतण्यानं एका परीक्षेचा फॉर्म पण भरलाय. मी त्याला अडवलं नाही. त्याला एवढंच सांगितलंय की मृगापर्यंत ठरव. मृगाला साडेतीनशे एकर भरले तर तो थांबेल, नाही भरले तर एका कंपनीची ऑफर आहे, जिल्ह्याबाहेरची. भावानं मला विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हणलं, मला वाटून काय उपयोग, गावाला वाटलं पाहिजे.

या पानावर कृषी पदवीधर आणि खात्यातले साहेब लोकही वाचतात. पोरांनो, तुम्ही शेवटच्या वर्षाला कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून आमच्या गावात येता, बीजप्रक्रिया दाखवता, गावाचा नकाशा काढता, फोटो काढून जाता. ते चार-पाच महिने म्हणजे तुमच्या पहिल्या गिऱ्हाइकांची यादी आहे. जाताना वीस शेतकऱ्यांचे नंबर आणि त्यांच्या शेताच्या नोंदी घेऊन जा. फी मागायला लाजू नका, पण फी घेतली तर दर आठवड्याला बांधावर दिसा. आणि "मारू नका" हे लिहून द्यायला घाबरू नका, तेच तुमचं शिक्षण आहे.

शेतकरी बांधवांनो, पोरांना नोकऱ्या नाहीत म्हणून पारावर आपण रोज हळहळतो. त्यातली निदान काही कामं आपल्याच खिशात अडकलेली आहेत. एकरी ३०० म्हणजे टॉनिकच्या एका बाटलीचे पैसे. या हंगामात एक बाटली कमी घ्या आणि आपल्याच गावच्या एखाद्या शिकलेल्या पोरा-पोरीला शेत दाखवा. फी देऊन दाखवा, म्हणजे हक्कानं जाबही विचारता येईल.

आमच्या तीन गावांतल्या ज्यांना नाव नोंदवायचं आहे त्यांनी रोहिणी निघायच्या आत गटाच्या वहीत गट नंबर आणि एकर लिहून जावं. घरच्या सोयाबीनची पायलीभर पिशवी सोबत आणा, उगवण तपासून देऊ.